उकड, आंबवण आणि पाव

त्र्यंबकेश्वर मागे टाकून घाटमाथ्यावरून वायव्येकडे उतरू लागले, म्हणजे ज्या मुलखात सपाट जमीन ही वस्तू दुर्मिळ होत जाते, पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही आणि गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर येते, त्या डोंगरी मुलखातील बाजाराचे गाव म्हणजे हरसूल. पूर्वी पेठ संस्थानात मोडणारे आणि आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेले हे गाव कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर अशा जमातींच्या पाड्यांचे देवघेवीचे ठाणे होय. १८५७ च्या डिसेंबरात पेठच्या मुलखात उठाव झाला, तेव्हा हरसूलचा बाजार लुटला गेला. त्यावरून त्या काळीही येथे लुटण्याजोगा बाजार भरत असे, एवढे तरी खास म्हणता येते. पुढे १८७८ साली पेठची बेगम निवर्तली, संस्थान खालसा होऊन इंग्रजी अंमलाखाली आले, मामलेदार आणि जमाबंदीचे दप्तर बदलले. परंतु बाजारात येणारा माल मात्र फारसा बदलला नाही. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी हीच येथल्या रयतेची पिके, आणि नागलीची भाकरी हेच तिचे मुख्य अन्न. गहू हे धान्य या डोंगरउताराला मानवत नाही. ते बाहेरून येते.

असे असूनही आज त्याच आठवडे बाजारात मीठमिरचीच्या व सुक्या मासळीच्या दुकानांशेजारी पावाच्या लाद्या, खारी, टोस्ट आणि चहात बुडवून खावयाचे कडक बटर यांच्या पारदर्शक पिशव्या टांगलेल्या दिसतात, आणि त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काही परके अन्न विकत घेत आहोत, अशी शंकाही शिवत नाही. इकडे नाशिक शहरात तर पावाने आणखी एक मजल गाठली आहे. जपानी पद्धतीचा दुधाचा पाव, ज्याचा गर कापसासारखा मऊ असतो आणि जो बोटांनी ओढला असता तुटण्याऐवजी पदरापदराने सुटत येतो, तो घरच्या घरी करून देणारे विजेचे यंत्र हौशी गृहिणींच्या ओट्यावर येऊन बसले आहे. हरसूलच्या चुलीपासून या यंत्राइतकी दूरची वस्तू शोधून सापडणार नाही, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. मला मात्र असे म्हणावयाचे आहे की, या पावाचा मऊपणा ज्या दोन आधारांवर उभा आहे, ते आंबवण आणि उकड हे दोन्ही आधार हरसूलच्या बाईला पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहेत. तिला परका होता तो गहू, आणि आपल्या समाजाला दीर्घकाळ परकी होती ती पाव भाजणाऱ्याची जात.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि ज्यांच्या धर्मविधीलाही गव्हाच्या रोटीवाचून पूर्णता येत नाही, अशा त्या लोकांना पावाची गरज पहिल्या दिवसापासून भासली. पीठ मिळवता येत होते, भट्टी बांधता येत होती. अडचण होती ती पीठ फुगवणाऱ्या किण्वाची. युरोपात ते द्राक्षाच्या किंवा जवाच्या मद्यातून मिळे. येथे ते माडाने दिले. रेंदेराने, म्हणजे माडाचा रस काढणाऱ्याने, पहाटे माडावरून उतरवलेली सूर उन्हे चढेपर्यंत फसफसू लागते, आणि तीच सूर गव्हाच्या पिठात घालून गोव्यातील सासष्टीच्या पदेरांनी, म्हणजे भटाऱ्यांनी, पाव फुगवला. ही विद्या जेझुइट पाद्र्यांनी माजोर्डे गावच्या लोकांना प्रथम शिकवली, असे तिकडची परंपरा सांगते. पुढे पदेरांनी त्या पावाला आपली अशी रूपे दिली: कोंड्याची पोय, कडक कवचाचा उंडो, बांगडीच्या आकाराचे काकण. तेव्हा ज्याला आपण पोर्तुगीज पाव म्हणतो, तो येथे फुगला तो पहिल्यापासून कोकणच्या माडाच्या रसावर.

याच गोव्याहून पाव जपानात गेला, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच ध्यानात घेतली जाते. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघून मलाक्कामार्गे त्याच वर्षी ऑगस्टात कागोशिमाला पोहोचला. आणि त्या काळी पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज कारभाराची सूत्रे गोव्यातूनच हालत असल्यामुळे, जपानात उतरलेला पाव हा गोव्याच्या पावाचा सहप्रवासीच म्हटला पाहिजे. परंतु तेथे त्याचे दैव निराळे निघाले. १६१४ साली जपानी राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, १६३९ साली पोर्तुगीजांना हद्दपार केले, आणि धर्माबरोबर पावही संशयाच्या यादीत जमा झाला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८४२ साली, एगावा तारोझाएमोन नावाच्या एका सरकारी अंमलदाराने फौजेच्या शिधासामग्रीसाठी कडक पाव भाजून घेतला. १८६९ साली किमुरा यासुबेई या गृहस्थाने तोक्योत दुकान घातले, आणि १८७४ साली गोड चवळीसारख्या लाल कडधान्याचे पुरण भरलेला पाव काढला. त्यासाठी त्याने जे किण्व वापरले, ते तांदळाच्या साके नामक मद्याचे. दुसऱ्या वर्षी हा पाव खुद्द मेइजी सम्राटापुढे ठेवला गेला, आणि त्याचा परकेपणा तेथेच संपला. सासष्टीत माडाची सूर आणि तोक्योत तांदळाचे मद्य! दोन किनाऱ्यांवरच्या दोन भटाऱ्यांनी एकमेकांचे नावही न ऐकता एकच उपाय केला: पाहुण्याच्या पिठाला घरच्या आंबवणाने फुगवले.

महाराष्ट्रात मात्र पावाला आड आले ते आंबवण नव्हे, ती शिवाशीव होती. वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंत, पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला आणि जातगंगेने त्याला परत घेतले नाही, अशी दंतकथा त्या भागात पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली. धर्मांतरामागे राजसत्तेचे हुकूम, जमिनीचे व्यवहार आणि पाद्र्यांचे दीर्घ उद्योग होते. विहिरीतल्या तुकड्यावर त्याचे सारे ओझे टाकणे इतिहासाला धरून नाही. तथापि ही कथा लोकांना खरी वाटली, यातच पावाच्या ठिकाणी कल्पिलेल्या सामर्थ्याची साक्ष आहे. जे अन्न खाल्ल्याने किंवा ज्याचे पाणी प्याल्याने माणूस कायमचा आपल्या माणसांतून उठतो, ते अन्न क्षुधेचा विषय राहत नाही, भयाचा होतो.

त्या भयाचाच उपयोग पुढे सुधारकांनी करून घेतला. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा नावाचे गुप्त मंडळ स्थापन झाले. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या नव्या सभासदाची परीक्षा अशी की, त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे. ज्याने मराठीचे व्याकरण बांधून दिले, त्याच पुरुषाच्या मंडळात पावाचा एक घास हा क्रांतीचा दस्तऐवज ठरावा, यात त्या युगाचे सारे चित्र आले. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटणार अशी धास्ती पडली आणि मंडळी पांगली. पाव खाण्याचे धैर्य होते, तो खाल्ल्याचे चारचौघांत कबूल करण्याचे नव्हते. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळींपुढे चहाबिस्किटे ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात राहू दिली. पण नावे छापून आली, ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर येऊन मिटले. भट्टीतून निघालेल्या पिठाच्या चार चकत्यांनी पुण्यात एवढे वादळ उठवले त्या काळात, हरसूलच्या बाजारात पाव न येण्याला नुसते घाटाचे कारण पुरेसे नव्हते, हे ध्यानात येईल.

भय गेले ते उपदेशाने नव्हे, कामाच्या पाळ्यांनी. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती भटाऱ्यांनी पावाचा धंदा रुजवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी त्याला चहाच्या कपाची जोड दिली. १९०४ सालची कयानी कंपनी, १९५३ सालची यझदानी बेकरी ही नावे मुंबईकराला सांगावी लागत नाहीत, आणि १९५५ साली निघालेल्या कयानी बेकरीबद्दल पुणेकर स्वतःच होऊन सांगतो. लाकडाची भट्टी, रात्री भिजवून ठेवलेला मैद्याचा गोळा, लोखंडी पत्र्यावर एकमेकांना चिकटून फुगलेली पावांची लादी, वरून कडक आणि आतून पोकळसर असा ब्रून, आणि पहाटे सायकलीला मोठी पिशवी लटकावून निघालेला पाववाला, एवढा सरंजाम एकदा शहरात बसल्यावर गिरणीत तासन्‌तास उभे राहणाऱ्या कामगाराला, तो पाव कोणी भाजला, हे विचारण्याची फुरसत उरली नाही. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर चढली, इगतपुरी आणि नाशिक मुंबईच्या टप्प्यात आली, देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी पडली, आणि छावणीच्या शिध्याबरोबर पावही सह्याद्रीच्या माथ्यावर आला. परंतु देवळालीहून हरसूलला पोहोचण्यास त्याला आणखी कित्येक दशके लागली, कारण डोंगरी मुलखात पाव न्यावयाचा तर त्याला आधी स्वस्त व्हावे लागत होते.

ते स्वस्तपण समुद्रापलीकडून आले. १९५६ च्या ऑगस्टात भारताने अमेरिकेशी पीएल-४८० कायद्यान्वये धान्याचा पहिला करार केला, आणि दुष्काळाच्या तडाख्यात सापडलेल्या १९६६ साली तर देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. रेशनच्या दुकानांतून गव्हाची पोती ज्वारी-बाजरीच्या गावांत उतरली. जे लोक सणासुदीला पोळी करीत, त्यांच्या शिधापत्रिकेवर गहू नित्याचा झाला. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढून पावाचा कारखाना आपल्या अखत्यारीत घेतला. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावाच्या पोटात बटाटावडा घातला तो १९६६ साली, असे सांगतात. आणि ते वर्ष परदेशी गव्हाच्या महापुराचे असावे, यात योगायोगापेक्षा कारणाचा भाग अधिक असावा. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर सुकडी खाल्लेली आणि रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी रांगेत उभे राहून घेतलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. त्या पिढीला परक्या धान्याचे अप्रूपही नव्हते आणि विटाळही नव्हता. पोट भरणे एवढाच प्रश्न होता.

जपानात हेच घडले, आणि जवळजवळ त्याच हाताने. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात १९५० च्या सुमारास मोठ्या शहरांतील शाळकरी मुलांना दुपारच्या जेवणात अमेरिकन गव्हाचा पाव आणि पाण्यात कालवलेली दुधाची भुकटी मिळू लागली. १९५४ साली शालेय भोजनाचा कायदाच झाला. भातावर वाढलेल्या राष्ट्राच्या शाळांत सरकारी रीतीने भात वाढला जाऊ लागला तो थेट १९७६ साली. तेवढ्या अवधीत मुलांच्या जिभा पावाला सरावल्या होत्या. ज्यांना लहानपणी रुक्ष पाव गिळावा लागला, त्यांनी मोठेपणी तो आपल्या चवीचा करून घेतला. आणि भाताच्या शिताचा ओलसर, किंचित चिकट मऊपणा हीच ज्या देशाची अन्नाविषयीची मूळ अपेक्षा, तेथला पाव दुधाचा, लोण्याचा आणि मऊ झाला यात नवल नाही.

येथून आपण यंत्राकडे वळू. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने १९८५ च्या सुमारास घरगुती पावयंत्राचा घाट घातला, तेव्हा साचा जमला, तापमान जमले, परंतु कणीक मळणे काही केल्या जमेना. पावाचे कवच करपे आणि आत गर कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि कसबी भटाऱ्याने मळलेल्या कणकेची क्ष-किरण चित्रे ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका नावाच्या अभियंता बाईने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य भटाऱ्याकडे शागिर्दी पत्करली. तो कणीक नुसती दाबत नाही, ओढताना तिला पीळ देतो, हे तिने आपल्या हातांनी शिकून घेतले, आणि त्या पिळासाठी भांड्याच्या आतल्या अंगाला उभ्या कडा बसवून घेतल्या. १९८७ च्या फेब्रुवारीत छत्तीस हजार येनांना बाजारात आलेले हे यंत्र पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक खपले. कसब माणसाच्या बोटांत असते, ते कागदावर उतरत नाही, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही सुगरणीला ठाऊक असते. व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी मात्र या घटनेवर ग्रंथांतून सिद्धान्त उभारले.

यंत्राने मळण्याचा प्रश्न सोडवला. पण जपानी पावाच्या विशिष्ट मऊपणाचे रहस्य मळण्याच्याही आधीच्या एका क्रियेत आहे. पिठाच्या पाचव्या हिश्शावर तितकेच कढत पाणी ओतून, ते कालवून, झाकून रात्रभर ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठात मिसळावयाचे. जपानी लोक या क्रियेला युदाने म्हणतात. नागोयाच्या शिकिशिमा कंपनीने १९९८ साली याच पद्धतीचा पाव काढला आणि तो जपानच्या घराघरांत पोहोचला. तैवानच्या इव्होन चेन या लेखिकेने २००७ साली पासष्ट अंशांवर शिजवलेल्या पिठाच्या लापशीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ही युक्ती जगभर झाली. शास्त्र असे की, साधारण पासष्ट अंशांच्या पुढे पिठातील पिष्ट फुगते व आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ पाणी धरून बसते. ते पाणी भट्टीतही सहजी सुटत नाही, म्हणून पाव मऊ होतो आणि दोन-तीन दिवस मऊ राहतो.

आता हरसूलच्या पाड्यावरील चुलीपाशी यावे. नागलीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नाही; थंड पाण्यात मळले तर गोळा होतो, पण थापताना भाकरीच्या कडा तडकतात, आणि पीठ जुने असले, त्याची विरी गेलेली असली, तर ती तव्यावर टाकण्यापूर्वीच मोडते. म्हणून बाई पातेल्यात पाणी चढवते, त्याला आधण आले की चिमूटभर मीठ टाकून त्यात पीठ वैरते, उलथन्याने घोटून झाकण घालते आणि खाली उतरवून वाफ जिरू देते. मग परातीत काढून, हात पाण्यात बुडवत, तळव्याच्या टाचेने ती उकड रगडते. चटका सोसवेल इतकी ऊन असतानाच ती मळावी लागते. निवली की पुन्हा हट्टाला पेटते. थापलेली भाकरी तव्यावर जाते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटते आणि अखेर निखाऱ्यावर टम्म फुगते. कोकणात तांदळाची भाकरी अशीच होते, आणि गणेशचतुर्थीला मोदकाची पारी करताना ब्राह्मणाच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातही हीच क्रिया चालते. नागोयाच्या कारखान्यात गव्हाला मऊ करण्यासाठी जी युक्ती योजली गेली, तीच येथे नागली-तांदळाला एकत्र धरून ठेवण्यासाठी कित्येक पिढ्या चालत आली आहे. आंबवणाचे म्हणाल, तर नागलीचे पीठ रात्री ताकात कालवून सकाळी शिजवलेली आंबील आणि मोहाच्या फुलांचे मद्य ज्या मुलखात घरोघर ठाऊक, तेथे किण्व म्हणजे काय हे शिकवावयास कोणी पाद्री येण्याची गरज नव्हती.

मग पाव येथे निपजला का नाही? कारण उघड आहे: आंबवणाने सुटणारा वायू कोंडून धरणारे ग्लुटेन गव्हातच असते, आणि गहू या उताराचा नव्हे. कसबाची उणीव नव्हती, धान्याची होती. म्हणूनच बाजारातील पाव आणि शहरातील पावयंत्र यांकडे पाहताना, हरसूलला काहीच येत नव्हते आणि आता ते शिकत आहे, अशा सुराने जे लिहिले-बोलले जाते, ते इतिहासाला धरून नाही. उलट या पावाने येथून एक गोष्ट नेली आहे. स्वस्त गव्हापुढे नागलीचा पेरा आणि मान दोन्ही उतरले. तिला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले गेले, आणि राब भाजून, रोपे लावून, पावसात वाकून पिकवलेल्या दाण्याला भाव मिळेना. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा कोठे शहरच्या दुकानांत नागलीच्या बिस्किटांचे खोके मांडले गेले.

ज्यांच्या घरी हे यंत्र आहे, त्यांना या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट घेता येईल. अडीचशे ग्रॅम पिठाच्या पावाला त्यातल्या पन्नास ग्रॅम पिठाची उकड लागते. ती मैद्याची न काढता नागलीची काढावी. पन्नास ग्रॅम नागलीच्या पिठावर सत्तर-ऐंशी ग्रॅम उकळते पाणी ओतून, घोटून, झाकून रात्रभर ठेवावे. नागली मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते, म्हणून ही वाढ. सकाळी यंत्राच्या भांड्यात ती उकड, सव्वाशे मिलिलिटर कोमट दूध, दोनशे ग्रॅम मैदा, चार चमचे साखर, पाऊण चमचा मीठ आणि लहान चमचाभर सुके यीस्ट घालावे, यीस्ट मिठाला थेट लागू देऊ नये; कणीक एकजीव झाल्यावर पंचवीस ग्रॅम लोणी सोडावे. यंत्र मळणे, फुगवणे, भाजणे मिळून तीन-चार तास घेते, तेव्हा वीज जाण्याची वेळ टाळून ते लावावे; मध्येच वीज गेली तर पुष्कळशी यंत्रे केलेले काम विसरतात. नागलीचा हिस्सा पाचव्या भागाहून फार वाढवला, तर ग्लुटेन अपुरे पडून पाव बसतो. रंग तांबूस येईल, उंची बोटभर कमी भरेल, आणि चवीला मैद्याच्या पावाला नसलेला एक खमंग, मातकट भारदस्तपणा येईल.

सूर घातल्यावर पाव सासष्टीचा झाला, साके घातल्यावर तोक्योचा झाला, बटाटावडा घातल्यावर दादरचा झाला. परक्या अन्नाला नागरिकत्वाची सनद कोणा सरकारी कचेरीतून मिळत नसते. तेथल्या मातीतला एखादा जिन्नस त्यात पडला, म्हणजे ती मिळते. हरसूलच्या बाजारात आज जो पाव विकला जातो, त्यात हरसूलचे अद्याप काही नाही. तो नुसता मुक्कामाला आला आहे. त्यात नागली पडेल आणि ती पिकवणाऱ्याला तिचा वाजवी भाव मिळेल, त्या दिवसापासून त्याचा येथला इतिहास सुरू झाला, असे समजण्यास हरकत नाही.